गटाचं, पतसंस्थेचं, संस्थेचं कर्ज: धंद्यासाठी पैसे मागताना या चुका टाळा

फेब्रुवारी सरता सरता हमखास एखादी ताई विचारते, “बचत गटातून पन्नास हजार मिळतील का? शेवयांचं मशीन घ्यायचंय, उन्हाळकामाचा सीझन आलाच.” गट कधी काढला विचारलं की उत्तर येतं, “मागच्याच महिन्यात.” म्हणजे मशीन या उन्हाळ्यात काही येत नाही. गट किमान सहा महिने चालला असेल तरच बँक त्याच्या कर्जाचा विचार करते, आणि तो चालला हे वहीत दिसावं लागतं.

गटांच्या फायली लिहून देताना मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. गरज दारात आली की लोक संस्थेकडे धावतात. पण संस्था सहसा पैसे देत नाही, ती पत उभी करून देते. १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. या बायका वाण्याकडून उधारीवर धान्य आणायच्या आणि सावकाराचं व्याज भरत बसायच्या. मंडळाने एकमेकींची हमी घेणारे गट बांधले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. पैसा बँकेचा होता, परतफेडीची हमी बायकांची. आज माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांसारख्या सरकारी यंत्रणा असोत की तालुक्यातली स्वयंसेवी संस्था, कामाची रीत बहुतेक वेळा हीच असते.

वही एका रात्रीत लिहू नका

पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. अडतं ते लिहिण्यात. कर्जाची फाइल करायची ठरली की सचिवताई एका बैठकीत दहा महिन्यांचं इतिवृत्त उतरवून काढतात. सगळीकडे एकच निळं पेन, एकाच वळणाच्या सह्या, दरवेळी “सर्व सदस्य हजर”. शाखेतला अधिकारी असल्या वह्या रोज बघतो, त्याला पान उलटताच कळतं. त्यापेक्षा खरी गैरहजेरी, खरा थकलेला हप्ता आणि त्यावर बैठकीत झालेली वादावादी लिहिलेली वही कधीही भरवशाची वाटते.

दुसरी गोष्ट, बचत खात्यात साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. “आमचे चाळीस हजार शिल्लक आहेत” हे अभिमानाने सांगणारा गट बँकेच्या नजरेत झोपलेला असतो. आपसात कर्ज फिरलं, त्याचं व्याज गटात जमा झालं, तर त्याला गट चालणं म्हणतात.

यात तुमचा थेट फायदाही आहे. उमेदच्या गटाला पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख मिळावं, असा नियम आहे. या निधीत बचत, अंतर्गत कर्जाचं व्याज आणि फिरता निधी (अभियानाकडून गटाला मिळणारी रक्कम), सगळं धरतात. दहा जणींनी महिना २०० रुपयांप्रमाणे वर्षभर बचत केली तर २४,००० होतात. त्यात ३०,००० चा फिरता निधी आला की ५४,०००. त्याच्या सहापट म्हणजे ३ लाख २४ हजार. हा हिशेब शाखेत जाण्याआधी स्वतः करून ठेवा, नाहीतर “पन्नास हजार घ्या, बघू पुढे” यावर बोळवण होते.

शाखा म्हणाली, “बचत खात्यातले पैसे अडकवून ठेवू” किंवा “आधी एफडी करा”, तर नम्रपणे विचारा, कोणत्या नियमाने? गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही आणि बचत खात्यावर बोजाही चढवता येत नाही. तिथे भांडू नका. अर्जाची पोच घ्या, बँक सखीला (गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बाईला) किंवा तालुक्याच्या उमेद कार्यालयातल्या माणसाला बरोबर घेऊन पुन्हा जा. तरीही हललं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकांना लेखी द्या.

दीड लाखाचे दहा तुकडे

कर्ज हातात पडलं की गट काय करतो? समान वाटप. दहा जणींना पंधरा-पंधरा हजार. कुणी रुसत नाही, आणि कुणाचा धंदाही उभा राहत नाही. एकीचे पंधरा हजार शाळेच्या फीला जातात, दुसरीचे दवाखान्यात, तिसरीची पिठाची गिरणी पंधरा हजारात येत नाही म्हणून तेही पैसे घरात विरघळतात. हप्ता मात्र दहा जणींनी भरायचा.

यात चूक बायकांच्या मनाच्या मोठेपणाची आहे, म्हणून ती सुटायला जड जाते. कर्ज यायच्या आधी बैठकीत कागदावर लिहून काढा: कुणाला किती, कशासाठी, कोणत्या महिन्यात हवेत, परत कसे येणार. दोघींना पन्नास-पन्नास हजार लागत असतील तर यावेळी त्या दोघी, पुढच्या उचलीत बाकीच्या. हे ठरवताना आवाज चढतात, चढू द्यावेत. कर्ज आल्यानंतर चढले तर गट फुटतो.

“एक टक्काच तर आहे”

व्याज सांगताना “महिना एक टक्का” म्हणणारा माणूस बहुधा फ्लॅट दर सांगत असतो. ५०,००० रुपये दोन वर्षांसाठी, वर्षाला १२ टक्के फ्लॅट: व्याज १२,००० आणि हप्ता साधारण २,५८३. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज शेवटपर्यंत पूर्ण ५०,००० वर चालू राहतं. घटत्या शिल्लकीवर हाच दर २१ टक्क्यांच्याही वर जातो. उमेदच्या गटाच्या बँक कर्जाला ३ लाखांपर्यंत वर्षाला ७ टक्के असा सवलतीचा व्याजदर आहे, तो सोडून फ्लॅट दराचं कर्ज घेण्याआधी दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा.

म्हसवडच्या माण देशी महिला सहकारी बँकेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. इतकी तोंडी आकडेमोड गावोगावच्या बायकांना येते, मग कर्ज घेतानाच प्रश्न विचारायला लाज का वाटावी?

हप्त्याचं चक्र धंद्याशी जुळतंय का, हेही विचारा. उन्हाळ्यात कमावणाऱ्या धंद्याला श्रावणातला साप्ताहिक हप्ता झेपत नाही.

जामीन, डमी आणि चार-चार हप्ते

पतसंस्थेत “फक्त सही कर, बाकी मी बघतो” म्हणणाऱ्या भावकीतल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं, मान्य. पण सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निघणारा वसुली दाखला जामीनदारालाही तितकाच लागू होतो. कर्जदार पुण्याला निघून गेला की नोटीस तुमच्या दारात येते.

मायक्रोफायनान्समध्ये, म्हणजे बिनतारण छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांकडे, याचंच दुसरं रूप दिसतं. “तुझ्या नावावर उचल, हप्ता मी भरते.” पहिले तीन हप्ते येतात, नंतर नाव तुमचं खराब होतं. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. अर्जात उत्पन्न फुगवून सांगितलं की ही ढाल आपणच फेकून देतो. कर्ज लवकर फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर कुणी घरी येऊ शकत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

फाइल नाकारली गेली आणि कारण कळेना, तर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. बऱ्याचदा असलं एखादं विसरलेलं डमी कर्ज त्यात सापडतं.

आणि कुठला “ट्रस्ट” बिनव्याजी पाच लाख देतो म्हणून आधी सभासद फी, मग फाइल चार्ज, मग विम्याचे पैसे मागत असेल, तर तिथूनच मागे फिरा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी दाखवली म्हणजे कर्ज वाटायची परवानगी मिळाली असं होत नाही. पैसे गेले असतील तर पोलिसांत जा आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही तक्रार टाका.

शेवयांच्या त्या ताईंनी तो उन्हाळा गटातून ८,००० चं अंतर्गत कर्ज घेऊन काढला. गहू आणि रवा स्वतःचा, शेवया दुसरीच्या मशीनवर किलोमागे पैसे देऊन. जूनमध्ये कर्ज फिटलं, वहीत नोंद झाली. ऑगस्टमध्ये गटाची फाइल बँकेत गेली तेव्हा अधिकाऱ्याने सगळ्यात आधी तेच पान वाचलं.