जुन्या गाडीचं बोनेट सुटत नव्हतं: दोष लॅचमध्ये निघाला

आतला लिव्हर ओढला तरी बोनेट उसळायचं नाही. समोरून कुणी दाबून धरलं तरच सुटायचं. नवी केबल टाकली, बिजागऱ्यांना तेल दिलं, फरक शून्य. अगदी वैताग आला होता.

लॅचमधलं (बोनेट अडकवून धरणाऱ्या कुलपातलं) जुनं ग्रीस धुळीसकट वाळून डांबर झालं होतं. आधी लॅचच्या कडेने मार्करची खूण केली (हे टाळू नका, बोनेटची लेव्हल बिघडते). दहाच्या पान्याने बोल्ट सोडले, लॅच डिझेल आणि जुन्या टूथब्रशने स्प्रिंग मोकळी हलेपर्यंत धुतला, पुसून वाळवला, पांढरं लिथियम ग्रीस लावून खुणेवर बसवला. बोनेट उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॅच दाबून लिव्हर तपासला. लॅच सुटला, मगच बोनेट बंद केलं. शेवटी कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर अर्धा फेरा वर घेतले. उसळी त्यांच्यामुळेही मिळते.