दंडावरची देवीची लस चिघळली असं वाटतंय? या चुका टाळा

इंदूरच्या ज्या आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, त्यांना या लशीच्या जखमेतलं सगळं कळतं अशी घरात समजूत असते. म्हणून अमेरिकी सैन्यातला नातू ही लस घेऊन रजेवर आला की पट्टी सोडून हळद लावायचा आग्रह होतो. हळद, कडुलिंब, अँटिबायोटिक मलम, काहीच लावू नका. मलमाने खपली ओली राहते आणि विषाणू आजूबाजूला पसरायला वाव मिळतो.

अमेरिकेने डिसेंबर २००२ पासून सैनिकांना ही लस पुन्हा द्यायला सुरुवात केली. तिच्यात देवीचा नव्हे, पण त्याच कुळातला व्हॅक्सिनिया हा जिवंत विषाणू असतो. दुतोंडी सुईने दंडावर टोचतात. तीन-चार दिवसांनी पुळी, मग पाण्याचा फोड, मग पू, आणि दोन ते चार आठवड्यांत खपली पडते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आठव्या ते दहाव्या दिवशी. दंड लालभडक, गरम, काखेत अवधाण, अंगात कणकण. कधी लाली तीन इंचांच्या पुढे जाते. घरचे घाबरतात, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक येतं. बहुतेक वेळा हा लशीचाच जोर असतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो. जंतुसंसर्ग होतो तो साधारणपणे पहिल्या पाच दिवसांत किंवा महिनाभराने. लाली उतरायच्या ऐवजी वाढतच गेली तर मात्र डॉक्टरकडे जा.

इंदूरच्या उन्हाळ्यात हवाबंद पट्टी दिवसभर ठेवली की घामाने कातडी पांढरी पडून भिजते. सुती गॉझ, वर पूर्ण बाहीचा शर्ट, आणि ओली झाली की लगेच बदल. टॉवेल वेगळा. जखमेला हात लावून तोच डोळ्याला लावला तर फोड तिथे उठतो. खपली पडेपर्यंत राजवाड्याची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) गच्चीवरून बघावी, गर्दीत शिरू नये.

घरात कुणाला इसब आहे का, हे विचारायचं मात्र राहून जातं. इसब बरा झालेला असला तरी धोका असतो. २००७ साली अमेरिकेत एका सैनिकाच्या दोन वर्षांच्या मुलाला बापाच्या लशीतून गंभीर संसर्ग झाला, त्याला इसब होता. अशा घरात, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तिथेही, नातवाने तेवढे दिवस दुसरीकडे मुक्काम करावा. आत्या-काका रागावतील, रागावू द्या.

आणि लशीनंतरच्या आठवड्यांत छातीत दुखलं, धाप लागली, तर दंडाकडे बघत बसू नका. हृदयाला सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लस घेतल्याचं आधी सांगा.