जुन्या लॅपटॉपवर गाणी लावायचीत? एमओसी वापरून बघा

दोन जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आणि ब्राउझरमध्ये गाणं लावलं की सगळं अडखळायला लागतं. अशा वेळी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा एमओसी (म्युझिक ऑन कन्सोल) हा मुक्त-स्रोत प्लेअर कामाला येतो. डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेजचं नाव ‘एमओसी’, पण सुरू करायची कमांड ‘एमओसीपी’. शेवटचा ‘पी’ विसरू नका. नुसतं ‘एमओसी’ हे नाव क्यूटी या सॉफ्टवेअर बनवायच्या संचातल्या एका साधनाने आधीच अडवलंय.

डावीकडे फोल्डर, उजवीकडे प्लेलिस्ट. गाण्यावर एंटर दाबलं की वाजायला लागतं. अख्खा अल्बम हवा असेल तर फोल्डरवर जाऊन कॅपिटल ‘ए’ दाबा. आतल्या फोल्डरांसकट सगळं यादीत येतं. बाकीच्या कळा पाठ करत बसू नका, ‘एच’ दाबलं की यादी समोर येते.

खरी गंमत ‘क्यू’मध्ये आहे. लहान ‘क्यू’ दाबलं तर फक्त खिडकी जाते, गाणं मागे एमओसीच्या सर्व्हरवर (लॅपटॉपवरच पडद्याआड चालणाऱ्या भागावर) चालूच राहतं. टर्मिनल खुशाल बंद करा. पुन्हा ‘एमओसीपी’ दिलं की जिथे होतात तिथेच. खरोखर थांबवायचं असेल तर कॅपिटल ‘क्यू’. हे माहीत नसलं की आवाज येतोय कुठून, हे शोधत बसावं लागतं!

आणखी एक: ‘एमओसीपी’पुढे जागा सोडून डॅश आणि कॅपिटल ‘जी’ लिहिलं की गाणं थांबतं, पुन्हा दिलं की सुरू. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये ही कमांड एखाद्या रिकाम्या फंक्शन कळीला जोडून टाका. फोन आला की एक बोट पुरतं.