टॉर्च भारी, सेल भलताच : या चुका टाळा

आठ-दहा हजारांचा टॉर्च हौसेनं मागवलेला असतो. खोक्यावर ३००० ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेलं असतं. पहिल्याच रात्री गच्चीवर जाऊन टर्बो, म्हणजे सगळ्यात जास्त उजेड, दाबला की समोरची गल्ली लख्ख उजळते आणि दहा सेकंदांत उजेड निम्म्यावर येतो, नाहीतर टॉर्च दोनदा मिचमिच करून बंद पडतो. मग पार्सल परत पाठवायची तयारी सुरू होते. जरा थांबा. अशा तक्रारींत टॉर्च बहुतेकदा निर्दोष असतो. आत घातलेल्या सेलला त्याची मागणी झेपत नसते.

इंदूरच्या मराठी घरांत ‘बॅटरी’ म्हणजे हातातला दिवाही आणि आतली वस्तूही. घोळ नको म्हणून इथे हातात धरतो तो टॉर्च, आत जातो तो सेल. हे सगळं मुख्यतः १८६५० आणि २१७०० या लिथियम-आयन सेलबद्दल आहे. आकड्यांचा अर्थ सरळ आहे : पहिले दोन आकडे व्यास, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये, शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल आहे.

एमएएच बघून सेल घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एमएएच (मिलिअँपियर-तास, सेलची साठवण) म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी किती मावतं ते. अँपियर (सेल एका वेळी देऊ शकतो तो प्रवाह) म्हणजे त्या टाकीतून निघालेला पाइप किती जाड आहे ते. हजार लिटरची टाकी आहे, पण पाइप अर्ध्या इंचाचा, तर बाथरूममध्ये धार बारीकच पडणार. नर्मदेच्या नळाला आणि गच्चीवरच्या टाकीला सरावलेल्या इंदूरकराला हे वेगळं सांगायला नको; सेल घेताना मात्र सगळे टाकीचाच आकडा विचारतात.

हिशोब असा करा. टॉर्च टर्बोवर एलईडीला ४० वॅट देतो असं धरा. ड्रायव्हर, म्हणजे आतलं सर्किट, ९० टक्के कार्यक्षम असेल तर सेलकडून साधारण ४४ वॅट खेचले जातील. सेल ३.६ व्होल्टवर असताना हे झाले १२ अँपियरच्या वर. सेल उतरून ३.२ वर आला की तीच ताकद टिकवायला ड्रायव्हर जवळजवळ १४ अँपियर मागतो. म्हणजे सेल दमत जातो तशी मागणी वाढत जाते.

आता सेल बघा. सॅमसंगचा ३५ई हा १८६५० चांगला, अस्सल सेल आहे : ३५०० एमएएच, पण सतत ८ अँपियर. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएचचा आहे आणि १५ अँपियर देतो. वरच्या टॉर्चला ३०क्यू हवा. पाचशे एमएएच गेले म्हणून हळहळू नका. ३५ई घातला तर ते वापरताच येणार नाहीत. २१७०० मध्येही तेच : सॅमसंग ५०ई हा ५००० एमएएचचा पण जेमतेम १० अँपियरचा, तर मोलीसेल पी४२ए हा ४२०० एमएएचचा आणि ४५ अँपियर झेपणारा.

कमी पडणाऱ्या सेलमध्ये नेमकं काय होतं? प्रत्येक सेलला स्वतःचा आतला रोध असतो. तो ६० मिलिओहम असेल आणि टॉर्चनं १२ अँपियर खेचले, तर ०.७२ व्होल्ट सेलच्या आतच उष्णता होऊन जातात. सेल ३.६ वर असेल तर टॉर्चला दिसतात फक्त २.८८. ड्रायव्हर समजतो, सेल संपला. तो उजेड कमी करतो, भार उतरतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं. मल्टिमीटर लावला तर सेल अर्धा भरलेला दिसतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. रोध २० मिलिओहमचा असता तर घट फक्त ०.२४ व्होल्ट झाली असती आणि काही कळलंही नसतं.

उलटी चूकही होते. पाचशे-सहाशे ल्युमेनचा छोटा टॉर्च दीड-दोन अँपियरच्या वर जात नाही. त्यात ४५ अँपियरचा सेल घालणं म्हणजे किराणा आणायला ट्रक काढणं. तिथे ३५ई किंवा ५०ई योग्य. उजेड जास्त वेळ मिळेल.

टॉर्च किती अँपियर मागतो हे माहितीपत्रकात बघा आणि त्यावर पंचवीस टक्के चढवून सेल निवडा. टेलकॅप, म्हणजे टॉर्चचं मागचं झाकण, काढून मल्टिमीटरनं स्वतः मोजायचा मोह टाळा. साधा मीटर १० अँपियरलाच थांबतो, आणि त्याच्या बारीक वायरींचा रोधच इतका असतो की आकडा खोटा येतो. वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर वापरायचा तर तो डीसी मोजणारा हवा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो.

९९०० एमएएचचा १८६५०

असा सेल नसतो. एवढंच खरं तर पुरे. सहज मिळणारा चांगला १८६५० हा ३५००-३६०० पर्यंत जातो, त्यापुढचे अगदी मोजके. २१७०० हा ५००० ते ६०००. वर छापलेला आकडा याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर आत काय आहे याचा विचारही करू नका.

शंका आली तर वजन करा. अस्सल १८६५० हा ४५ ते ५० ग्रॅमचा, २१७०० हा सत्तरच्या आसपास. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. नसेल तर दिवसाउजेडी सराफ्यात ओळखीच्या सराफाकडे काटा आहेच. सोन्याच्या काट्यावर सेल ठेवलेला बघून तो हसेल, पण आकडा बिनचूक सांगेल. तीस ग्रॅमचा १८६५० निघाला तर प्रश्न तिथेच मिटला.

वजन बरोबर आलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवीन रॅपर चढवलेला सेलही ४५ ग्रॅमच भरतो. त्याचा तळ उजेडात तिरपा धरून बघा. पॅकमध्ये पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं जोडलेल्या असतात. त्या उपटल्या की बारीक टोचल्यासारखे ठिपके किंवा घासून काढल्याच्या चरा उरतात. नवीन सेलचा तळ सपाट आणि एकसारखा असतो. असे सेल बहुधा २०००-२६०० एमएएचचे, तीन-चार अँपियरला दमणारे. छोट्या रेडिओला चालतील, टर्बोला नाही.

डोकं आणि लांबी

सेलची धन बाजू सपाट असेल तर फ्लॅट टॉप, वर टेंगूळ असेल तर बटन टॉप. बऱ्याच टॉर्चमध्ये धन टोकाभोवती प्लास्टिकची कडा असते, सेल उलटा घातला तर संपर्क होऊ नये म्हणून. त्या कडेपलीकडे फ्लॅट टॉप पोचतच नाही. टॉर्च अजिबात लागत नाही किंवा हलवला की लागतो-विझतो, तेव्हा आधी हे तपासा.

यावर इंटरनेटवर एक जुगाड सांगतात : मध्ये छोटा चुंबक ठेवा. अजिबात ठेवू नका. कारण सेलचं डोकं जवळून बघितलं की कळतं. मधली चकती धन. तिच्याभोवती कागदाची पांढरी वा रंगीत रिंग. आणि त्या रिंगच्या पलीकडची जी धातूची कड आहे, ती ऋण आहे, कारण सेलचा अख्खा डबाच ऋण असतो. धन आणि ऋण यांच्यात फक्त ती कागदी रिंग आणि रॅपरची पातळ घडी. टॉर्च हातातून पडला, चुंबक दोन मिलिमीटर सरकला, की थेट शॉर्ट. म्हणूनच रॅपर कडेला फाटलं असेल तर तो सेल नवीन रॅपर आणि रिंग लावल्याशिवाय वापरायचा नाही. सेलोटेप हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी, जास्त प्रवाह गेला किंवा सेल फार उतरला तर तो तोडणारं, छोटं सर्किट असतं, त्यामुळे तो लांब होतो : १८६५० जवळपास ६८ ते ७० मिलिमीटर, २१७०० सुमारे ७५. टेलकॅप पूर्ण बसत नसेल तर जोर लावून पिळू नका. स्प्रिंग चपटी होते आणि सेलचं डोकं दबतं. शिवाय त्या सर्किटला स्वतःची मर्यादा असते. टर्बो दाबताच टॉर्च ठार बंद, आणि सेल काढून घातला किंवा चार्जरला लावला की पुन्हा जिवंत, असं होत असेल तर सर्किट आपलं काम चोख करतंय; सेलची निवड चुकली आहे. मीटरवर प्रोटेक्टेड सेल कधी शून्य व्होल्ट दाखवतो, त्याचंही कारण बहुधा हेच, चार्जरवर ठेवला की उठतो. बिनप्रोटेक्शनचा सेल मात्र २ व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिला असेल तर त्याला उठवू नका. आत तांबं विरघळून नको तिथे जमलेलं असू शकतं, आणि ते चार्जिंगच्या वेळी नडतं.

बारक्या टॉर्चबद्दल थोडक्यात. १४५०० हा सेल दिसायला रिमोटच्या पेन्सिल सेलएवढाच, पण भरलेला असताना ४.२ व्होल्टचा. माहितीपत्रकात १४५०० लिहिलेलं नसेल तर ड्रायव्हर जळेल. पेन्सिल सेलच्या टॉर्चला एनेलूपसारखे १.२ व्होल्टचे रिचार्जेबल उत्तम. अल्कलाइनसारखे ते कपाटात पडून गळत बसत नाहीत.

दोन सेलचा टॉर्च

दोन सेल एकापुढे एक घालायचे असतील तर इथे काटकसर नको. एक नवा, एक जुना. एक ३०००चा, एक ३५००चा. एक काल चार्ज केलेला, एक महिन्यापूर्वीचा. यातलं काहीही चालत नाही. कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो आणि रिकाम्याची टोकं उलटतात. तो तापतो, वायू सोडतो. टॉर्च पाण्यापासून बचावासाठी घट्ट बंद केलेली धातूची नळी आहे. तिच्यात वायू कोंडला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. जोडी एकाच वेळी विकत घ्या, रॅपरवर मार्करनं क-१, क-२ लिहा, एकत्र चार्ज करा, आणि घालण्याआधी मीटर लावा : दोघांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. तीन-चार सेल समांतर जोडलेल्या टॉर्चमध्येही हाच नियम, कारण भरलेला सेल उतरलेल्यात एकदम ओततो.

चार्जिंग

१८६५० ला १ अँपियर, २१७०० ला २ पर्यंत, १६३४० आणि १४५०० सारख्या बारक्यांना अर्धा किंवा त्याहून कमी. सेल भरल्यावर चार्जरवरून काढून मोजा : ४.१५ ते ४.२० यायला हवेत. ४.२५ च्या वर गेला तर चार्जर फेका, कितीही नवा असो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल ३.६५ ला भरतात. त्यांना वेगळं सेटिंग लागतं.

४५ अंशांच्या वर सेल चार्ज करू नये. इंदूरच्या मे महिन्यात हवाच चाळिशी पार करते, म्हणून दुपारी तापलेल्या गच्चीच्या खोलीत नाही, गाडीत तर नाहीच. रात्री किंवा पहाटे करा. गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवायची सवय मार्चमध्येच सोडा.

यूएसबी-सी पोर्टचा टॉर्च नव्या मोबाइल चार्जरवर, दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलनं, चार्जच होत नाही, ही तक्रार फार येते. पुष्कळदा टॉर्चच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे चार्जरला समोर काही जोडलंय हेच कळत नाही. जुनी, एका टोकाला चपटा मोठा यूएसबी असलेली केबल लावा. चार्ज व्हायला लागला तर सेल बदलायची गरज नाही.

दोष सेलचा की टॉर्चचा?

टर्बो उतरला की लगेच टॉर्चच्या डोक्याजवळ हात लावा. चटका बसतोय तर ड्रायव्हरनं उष्णतेमुळे उजेड कमी केला आहे. ते अपेक्षितच आहे, एखाद-दोन मिनिटांत होतं. डोकं गार असताना उतरला तर सेल किंवा संपर्क.

सेलवर आळ घेण्याआधी संपर्क साफ करा. टेलकॅपचे आटे, नळीची उघडी कड, स्प्रिंगचं टोक, सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. जेल रोडकडे मोबाइल दुरुस्तीच्या साहित्यात ते मिळतं. काडी काळी निघणं थांबेपर्यंत पुसत राहा. मग आट्यांवर आणि रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. व्हॅसलीन नको, त्यानं काही रबर फुगतात. एवढं करूनही तेच घडत असेल तर खात्रीचा, पुरेशा अँपियरचा दुसरा सेल घालून बघा.

सेल दर आठवड्याला आपोआप उतरतोय का? इलेक्ट्रॉनिक बटन असलेला टॉर्च बंद असतानाही थोडं खातो. टेलकॅप पाव फेरा सैल करा. आट्यांवर रंगीत थर असेल तर संपर्क तुटतो. आटे नुसते उघड्या धातूचे असतील तर तुटत नाही, मग सेल काढूनच ठेवावा लागतो. महिनोन्‌महिने ठेवायचा तर पूर्ण भरून नाही, ३.६ ते ३.८ व्होल्टवर, घरातल्या गार कोपऱ्यात, प्लास्टिकच्या डबीत. खिशात किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर कधीच नाही. विमानानं जायचं असेल तर सुटे सेल केबिन बॅगेत. चेक-इनमध्ये चालत नाहीत.

मेलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि सकाळी कचरा गाडी आली की ई-कचऱ्याच्या कप्प्यात वेगळा, हातात दाखवून द्या. कचरा दाबणाऱ्या यंत्रात असा एक सेल चिरडला तरी आग लागायला पुरतो.