कोळंबीच्या खाद्यातलं फिशमील निम्म्यावर आणताना

व्हेनामी या तळ्यात वाढवल्या जाणाऱ्या कोळंबीच्या खाद्यात फिशमील (सुक्या माशांची भुकटी) काढून तेवढ्याच वजनाची सोयापेंड टाकली की वाढ मंदावते. प्रथिनं जुळवणं सोपं आहे. नडतं ते बाकीचं.

१०० किलो खाद्यात ६० टक्के प्रथिनांचं २० किलो फिशमील आहे असं धरू. त्यातलं १० किलो काढायचं, तर ४८ टक्क्यांची सोयापेंड पावणेचौदा किलो घाला आणि मैदा सव्वापाच किलोने कमी करा. कमी केलेल्या मैद्याची प्रथिनंही या हिशेबात धरली आहेत. सोबत ७०० ग्रॅम माशाचं तेल आणि फॉस्फरससाठी ७०० ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट. सोयातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो कोळंबीला पचत नाही.

मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) सुमारे ९० ग्रॅम कमी पडतं. त्याची साधी पूड घालू नका. कोळंबी दाणा पायांत धरून कुरतडत खाते, तोवर पूड पाण्यात विरघळून गेलेली असते. लेप दिलेलं मेथिओनिन घ्या. ६० टक्क्यांचं असेल तर १५० ग्रॅम.

सोयापेंड घेताना युरिएज चाचणीचा आकडा मागा; पेंड नीट भाजली गेली का ते तिच्यावरून कळतं. पीएचमधली वाढ ०.०५ ते ०.२ असावी. त्याहून जास्त म्हणजे पेंड कच्ची, प्रथिनांचं पचन अडवणारे ट्रिप्सिन रोधक शिल्लक. कमी म्हणजे करपलेली, लायसिन हे अमिनो आम्ल गेलेलं. दळण २५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. जाड कण राहिले की दाणा तिथूनच फुटतो. तयार दाणे तळ्याच्याच पाण्याच्या ग्लासात टाका. दोन तासांनी आकार टिकलेला हवा.

शेंगदाणा पेंड स्वस्त मिळते, पण पावसाळ्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका घेण्यात अर्थ नाही. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीची भुकटी चांगली, मात्र तेल काढलेलीच घ्या. तिच्या लेबलावरच्या प्रथिनांत कायटिनचा (अळीच्या कवचातल्या पदार्थाचा) नायट्रोजनही मोजलेला असतो, म्हणून आकडा फुगलेला समजा.

नवं खाद्य एकदम सुरू करू नका: पाव, अर्धं, पाऊण, मग पूर्ण, प्रत्येक टप्पा दोन-तीन दिवसांचा. चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते पाहायला तळ्यात ठेवलेली ताटली) नेहमीच्या वेळी उचला. दाणे तसेच पडलेले आणि कोळंबीचं आतडं रिकामं दिसलं, तर बहुधा वास कमी पडतोय. मैद्यातून आणखी २ किलो काढून स्क्विड मील (माकूळची भुकटी) घाला. ट्रे रिकामा होतोय तरी वजन वाढत नसेल, तर आधी मेथिओनिन आणि पेंडेची चाचणी पुन्हा तपासा.