मॅग्नेटाइटच्या पुडीचा मॉसबाउअर वर्णपट घेताना

मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड. मॉसबाउअर वर्णपट म्हणजे गॅमा किरणांचा स्रोत पुढेमागे हलवत, कोणत्या वेगाला नमुन्यातले लोह किती किरण शोषते याची नोंद. आधी 25 मायक्रॉन जाडीच्या शुद्ध लोखंडी पत्र्याने वेगाची पट्टी जुळवा. लोखंडाच्या सहा शोषणरेषांपैकी टोकाच्या दोन रेषांत 10.6 मिमी/सेकंद अंतर यायला हवे. नमुना खलात अ‍ॅसिटोनखाली हलक्या हाताने घोटा; कोरडाच रगडला तर तापून त्याचे ऑक्सिडीकरण होते. दर चौरस सेंटिमीटरला 5 ते 10 मिलिग्रॅम लोह पुरे. थर जाड झाला की टोकाच्या ठळक रेषा बुटक्या होतात आणि बाहेरून आत रेषांच्या तीव्रतेचे 3:2:1 हे प्रमाण बिघडते. इथे हात आखडताच ठेवा. पुडीत बोरॉन नायट्राइड मिसळा, म्हणजे कण एकाच दिशेने लागत नाहीत.

खोलीच्या तापमानाला सहा-सहा रेषांचे दोन संच दिसावेत, लोहाच्या अणुकेंद्रावरील सुमारे 49 आणि 46 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रांचे. मध्ये जोडरेषा (शेजारशेजारच्या दोनच रेषा) उमटली तर लगेच अशुद्धी ठरवू नका. कण काही नॅनोमीटरचेच असू शकतात; इतक्या बारीक कणांचे चुंबकत्व खोलीच्या तापमानाला भराभर पलटते, म्हणून सहा रेषा दिसत नाहीत. थंडीत हे पलटणे मंदावते. म्हणून 77 केल्विनला (द्रव नायट्रोजन), लागल्यास 4.2 केल्विनला (द्रव हेलियम) पुन्हा मोजा. सगळ्याच रेषा रुंद येत असतील, तर आधी पंपाची थरथर तपासा.