रिटायर झाल्यावर गावच्या कामात पडताय? या चुका टाळा

आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर दर दोन-तीन महिन्यांनी एक नवा गडी येतो. नुकताच रिटायर झालेला, सेंडऑफचं घड्याळ अजून हातात आणि "आता या नगरपालिकेला सरळच करतो" असा आवेश. मला टेलिफोन खात्यातून सुटून अकरा वर्षं झाली, मीही असाच आलो होतो, त्यामुळे हसायचा हक्क आहे मला. पण त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात आवडती चूक म्हणजे माहिती अधिकारात भांडण लिहिणं. माझाच किस्सा सांगतो. आमच्या गल्लीत नवीन गटार झालं आणि सहा महिन्यांत पहिल्याच पावसात तुंबलं. मी रात्री जागून चार पानी अर्ज लिहिला, गटार का तुंबलं, जबाबदार कोण, त्यांच्यावर कारवाई कधी करणार, करदात्याच्या पैशाची किंमत आहे की नाही, वगैरे वगैरे. हिने वाचून सांगितलं, "अहो, हा अर्ज आहे का कीर्तन?" मी ऐकलं नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. महिना गेला आणि गटारावरचा डास तसाच.

मग कट्ट्यावरच्या एका रिटायर अव्वल कारकुनांनी डोळे उघडले. म्हणाले, "तू 'का' विचारतोस, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद माग." कायदा असाच आहे, 2005 पासून. जे रेकॉर्डवर आहे तेच मिळतं, नव्याने कोणाचं मत किंवा खुलासा मिळत नाही. शिवाय आपल्या महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा असा नियम आहे, माझा तर हजारावर गेला असेल. दुसऱ्या वेळी जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीन ओळी: अमुक कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, अंतिम देयक, यांच्या साक्षांकित प्रती. चौदा पानं आली, दोन रुपये पानाप्रमाणे अठ्ठावीस रुपये भरले. मोजमाप पुस्तिकेत गटाराची लांबी 96 मीटर. आम्ही तिघं म्हातारे सकाळी सहाला टेप घेऊन गेलो, एकाचा गुडघा दुखतोय, एक टेपचं टोक धरून विटेवर बसलाय, मोजलं तर 71. पुढं भाषण नाही का काही नाही, मुख्याधिकाऱ्यांना सात ओळींचं पत्र दिलं, सोबत त्यांच्याच कागदाच्या झेरॉक्स. दीड महिन्यात उरलेलं गटार झालं. चुकलं असं कोणी म्हटलं नाही आणि मीही वाट बघितली नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपयाचा स्टॅम्प, तेही तीस दिवसांच्या आत. इथं नवे लोक चिडून घरी बसतात आणि मुदत घालवतात.

दुसरी, पोच न घेणं. "साहेबांच्या हातात दिला, ओळखीचे आहेत." अहो, साहेब बदलीवर गेले की ओळख पण गेली. आवकमध्ये द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. खिडकीतला मुलगा "नंतर या" म्हणाला तर तिथंच बाकड्यावर बसा, आपल्याला कुठं बसची घाई आहे. मी त्या प्रतीचा घरी येऊन लगेच फोटो काढतो कारण मशीनची पावती असेल तर तिचा थर्मल कागद काही महिन्यांत कोरा पडतो, शिक्क्याची शाई पण पावसाळ्यात पसरते, अनुभव आहे.

साहेबपणा घरी ठेवून या. तुम्ही क्लास वन होता म्हणून ज्युनिअर इंजिनिअर उठून उभा राहणार नाही.

मतदार यादीचं वेगळंच दुखणं. निवडणूक जाहीर झाली की आमच्या बिल्डिंगमधले लोक नवीन नाव नोंदवायचा फॉर्म 6 घेऊन पळतात. नगरपालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच, ठरलेल्या तारखेची घेऊन प्रभागवार पाडतात, हरकतींच्या त्या थोड्या दिवसांत प्रभाग चुकला असेल तर दुरुस्त होतो, नवीन नाव घुसत नाही. आमच्या एका गृहस्थांचं नाव हायवेपलीकडच्या प्रभागात गेलं होतं, त्यांना कळलं मतदानाच्या सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर गेल्यावर, आणि हेच गृहस्थ रोज ग्रुपवर लोकशाहीचे मेसेज टाकतात. वर्षातून एकदा शांतपणे यादी बघा, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8 भरा, आणि गल्लीतल्या मयत आणि गाव सोडलेल्यांची नोंद बीएलओला, म्हणजे आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला द्या. म्हाताऱ्यांनी करायचं याच्याइतकं चांगलं काम मला तरी दिसत नाही, कारण कोण कुठं गेलं हे आपल्यालाच माहीत असतं. 85 च्या पुढच्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, पण त्याचा अर्ज, फॉर्म 12डी, निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. पाचच.

ग्रामसभेचं माझा भाऊ सांगतो. तिथली चूक म्हणजे रजिस्टरवर सही करायची आणि चहाला निघायचं. ती सही गणपूर्तीत, म्हणजे कोरममध्ये धरली जाते (15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते) आणि मागं ठराव सर्वानुमते मंजूर. विरोध असेल तर सहीच्या आधी थांबा, विरोध नोंदवायला लावा, इतिवृत्त वाचून मग घरी जा. आणि माईक सोडा जरा. 26 जानेवारीला आमच्या भावाच्या गावात चौघं सत्तरीच्या पुढचे दीड तास बोलले, पाणीपुरवठ्याचा विषय सांगायला आलेल्या बायका उठून गेल्या, नळाचं माहीत होतं त्यांनाच.

फ्लेक्सवर 'मार्गदर्शक' म्हणून फोटो आला की पक्षात वजन वाढलं असं समजू नका, फ्लेक्सचे पैसे कोणी दिले ते आधी विचारा.

लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, सार्वजनिक रस्त्याची तक्रार नेऊ नका, तिथं तक्रार वैयक्तिक लागते. बजेटमध्ये बाकडी मागायला मार्चमध्ये जाऊ नका, तोवर सगळं छापून झालेलं असतं, दिवाळीच्या आसपास जा.

थेट मंत्र्यांना टॅग करणारे पण आहेत. दोन दिवस लाईक येतात, मग आपली फाईल त्याच टेबलावर, त्याच क्लार्ककडे खाली येते, आणि तो आता आपल्यावर चिडलेला असतो.

माझ्या पिशवीत काय असतं ते विचारतात सगळे. दहाचे आणि वीसचे स्टॅम्प, स्टेपलर, दोन पेनं, टेप, बीपीची गोळी आणि चिवड्याची पुडी, कारण साहेब साडेअकराला येतो म्हणाले की दीड वाजतो.